व्हेरी वेल, थँक यू

थेरगावचा कोंडीराम पिंपरीच्या माळावरच्या नव्या कारखान्यात लागला, तो ऐन चैत्राच्या उन्हात. काम अंगावर येत नव्हतं, पण आवारात प्यायला पाणी नव्हतं. तहान लागली की पवना नदीपर्यंत तंगडतोड, आणि परत येईस्तोवर घसा पुन्हा कोरडा. विलायती साहेब दोन दिवसांच्या पाहणीला येणार होता. त्याच्याकडे टाकी मागायची आणि बोलायचं कोंडीरामनं, असं गड्यांनी ठरवलं.

आदल्या दिवशी हेडक्लार्क यशवंतरावांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "साहेब 'हाऊ आर यू' म्हणेल. म्हणजे, कसे आहात? आपण म्हणायचं, 'व्हेरी वेल, थँक यू.' म्हणजे, झकास आहे, आभारी आहे."

"आन् बरं नसलं तर?" कोंडीरामनं विचारलं.

"तरी तेच. इंग्रजीत ख्यालीखुशाली विचारतात ती रीत म्हणून. खरं सांगणं अडाणीपणाचं."

साहेब आला. भला माणूस होता; एकेकापुढे थांबून विचारत गेला. जो तो 'व्हेरी वेल' म्हणाला. कोंडीरामनं टाकीसाठी तोंड उघडलं, तोच साहेबामागून यशवंतरावांनी डोळे वटारले. तोंडातून निघालं तेच: "व्हेरी वेल, थँक यू."

संध्याकाळी यशवंतराव खुशीत म्हणाले, "साहेब प्रसन्न झाले. मजूर इतके सुखी आहेत म्हटल्यावर आणखी सोयींची गरज नाही, म्हणाले."

गडी कोंडीरामशी बोलेनात. रात्रभर त्याचा जीव जळत राहिला. सकाळी तो कारखान्याच्या फाटकात जाऊन मांडी घालून बसला. बाकीचे थबकले, मग एकेक करून शेजारी बसले.

यशवंतराव धावत आले. "काय झालं रे तुम्हाला?"

"व्हेरी वेल, थँक यू," सगळे म्हणाले. जागचं कुणी हललं नाही.

शेवटी साहेब बाहेर आला. त्यानंही विचारलं, त्यालाही तेच उत्तर. त्यानं बसलेल्या माणसांकडे पाहिलं, त्यांच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं आणि यशवंतरावांना म्हणाला, "आता यांच्या भाषेत विचारा."

कोंडीराम उठला. "पानी न्हाई, सायेब. येवढंच हाय."

आठवड्यात टाकी बसली. उद्घाटनाला यशवंतराव इंग्रजीत बोलले. ऊन चढलं तरी भाषण आवरेना, आणि ते संपेपर्यंत तोटी उघडायची नाही, असा त्यांचाच हुकूम होता.