फळ्यावरचा आश्रुबा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगते. साक्षरता वर्गाला पगार नव्हता, चहासुद्धा पदरचा, आणि वर पारावरचे रिकामटेकडे विचारायचे, "काय सत्यशीला, म्हाताऱ्या बालवाडीत घातल्यास व्हय?" मी म्हणायचे, "तुमची बी जागा ठेवलीय, या."

बौद्धवाड्यातली पोरगी शिकवणार म्हणून चारठाण्याजवळच्या आमच्या गावातल्या शेतकरी घरच्या बायका आधी येईनात. पहिली आली ती तानुबाई. तिच्यामागं बाकीच्या आल्या. त्यामुळं तिच्यावर माझा लय जीव.

तिचा नवरा आश्रुबा भला, पण हेकट. परीक्षेच्या दिवशी सकाळीच त्यानं तिला बजावलं, "आज वाचता आलं तर खुशाल जा वर्गाला. न्हाई आलं तर बंद. पाटी चुलीत घालीन." तिनं हे येऊन सांगितलं आणि मी तिच्याकडून पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतलं.

दुपारी जिंतूरहून परीक्षा घ्यायला साहेब आले. शाळेच्या खिडकीत नवरेमंडळींची ही गर्दी, कुस्त्या बघायला आल्यासारखी! पुढंच आश्रुबा. बायकांना पुस्तक तोंडपाठ असेल म्हणून साहेबांनी मनानंच फळ्यावर वाक्य लिहिलं. आमच्या भागात खडा भिरकावला तर एखाद्या आश्रुबालाच लागतो, तेच नाव त्यांना सुचलं: "आश्रुबा शेतात जातो."

तानुबाई उठली. फळा बघितला आणि पदर तोंडाला लावला.

"शेतात जातो," ती म्हणाली.

"आणि पहिला शब्द?"

तिनं खिडकीकडं चोरून बघितलं.

"येत नाही का?"

"येतो की!"

"मग वाचा."

"धनी."

"अहो बाई, धनी कुठं लिहिलंय?"

तिच्या शेजारी बसणारी कडूबाई हसून हसून भुईवर थापा मारायली. माझा पारा चढला. "साहेब, ते तिच्या मालकाचं नाव हाय! कशी घेईल तोंडानं?"

"अरेच्चा! मग दुसरं वाक्य देतो," म्हणून साहेबांनी डस्टर उचललं.

"पुसू नका!" तानुबाई किंचाळली. "धन्याचं नाव पुसत्यात व्हय, सायेब?"

आता आली का पंचाईत! नाव वाचायचंही नाही आणि पुसायचंही नाही. साहेब डस्टर घेऊन तसेच उभे. खिडकीत आश्रुबा लालबुंद. मला वाटलं, गेली पाटी चुलीत.

तेवढ्यात कडूबाई ओरडली, "अगं, उखाण्यात घे की! हळदी-कुंकवाला घेत न्हाईस का?"

"घे, घे!" सगळा वर्ग उठला. तानुबाईनं पदर सारखा केला, फळ्याजवळ गेली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत खणखणीत म्हणाली,

"खडू घेतला हातात, भीती न्हाई मनात,
सायबानं लिवलंय फळ्यावर, आश्रुबा जातो शेतात!"

असा गलका झाला म्हणता! साहेबांनीच टाळ्या वाजवल्या. मी तर नाचलेच, लाज सोडून. "पास! पास!" म्हणत कडूबाईनं मला मिठी मारली. पण तानुबाई खिडकीकडंच बघायली. आश्रुबानं गज धरले होते.

"सायेब," तो म्हणाला, "गलक्यात मला काय आयकू आलं न्हाई. तिला आजून एकदा वाचायला सांगा."