वन्संच्या व्हॅनची पुली

वन्संचा उजवा खांदा आखडला, तेव्हा घरात सगळ्यांना आधी व्हॅनची आठवण झाली आणि मग खांद्याची.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्यांची लॉन्ड्री आहे. हॉस्पिटलच्या चादरींचे गठ्ठे त्या वीस वर्षं स्वतः पोचवताहेत, एकाच जुन्या, सहा सिलिंडरच्या व्हॅनमधून. तिचं स्टिअरिंग वळवणं म्हणजे रहाट ओढणं. डॉक्टर म्हणाले, "गाडी सोडा." वन्सं म्हणाल्या, "डॉक्टर बदला."

"ताई, तू काळजी करू नकोस. पॉवर स्टिअरिंग बसवतो," माझा नवरा म्हणाला. त्याला घरात इंजिनिअर म्हणतात. एकदा मिक्सर दुरुस्त केला होता, तेव्हापासून. मिक्सर नंतर नवाच घ्यावा लागला, पण नाव टिकलं.

गॅरेजमध्ये मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. इंजिनाच्या नाकावर एक जाडजूड पुली होती, क्रँकबरोबर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर फिरणारी. तिला खाच एकच. त्या खाचेतून पट्टा पंख्याकडे आणि डायनॅमोकडे जायचा. स्टिअरिंगच्या पंपाला दुसरा पट्टा हवा, म्हणजे दुसरी खाच हवी. मिस्त्रीचं म्हणणं, आहे ती पुली राहू दे, तिच्या पुढे एक पातळ पुली लांब बोल्टांनी जोडू, पंप तेवढाच पुढे घेऊ, पट्टा सरळ रेषेत आला की झालं.

"जोडाजोडी नको," इंजिनिअर म्हणाला. "लेथवर दोन खाचांची अखंड पुली काढून घेऊ. हा रबर भरलेला गोळा कशाला वागवायचा? पट्टा फिरवायला रबर लागतं का?"

"साहेब, ती नुसती पुली नाही, डॅम्पर आहे. आतलं रबर क्रँकची थरथर गिळतं."

"गिळायला आमच्या घरात माणसं आहेत."

त्या माणसांपैकी एक मी, तिथेच उभी होते. गिळलं.

नवी पुली आली. हलकी, चकचकीत, तिच्यात तोंड बघून भांग पाडावा अशी. स्टिअरिंग एका बोटानं वळायला लागलं. वन्संनी लॉन्ड्रीमागच्या आवारात उगाचच तीन चकरा मारल्या आणि खिडकीतून मला हात केला, दुखऱ्याच खांद्याचा.

चार दिवसांनी म्हणाल्या, "साठला गेली की घुमते रे. आरशात मागची माणसं जोडीजोडीनं दिसतात."

इंजिनिअरनं आरशाला चिकटपट्टी लावली. मग इंजिनाखालची रबरं बदलली. मग चारही चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. पुलीकडे मात्र त्याची नजर जाईना. मिस्त्री एकदा तोंड उघडणार, तर यानं त्याला चहा सांगायला पिटाळलं. शेवटी निकाल लागला.

"ताई, गाडीत काही दोष नाही. तुझे हातच थरथरतात. वय झालं आता."

वन्संनी दोन्ही हात समोर धरले, बोटं पसरली, उलटेसुलटे करून पाहिले. मला वाटलं, आता याची धडगत नाही. पण त्या म्हणाल्या, "असेल बाबा." आणि गाडीची किल्ली आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीही त्यांनी हाताखालच्या बाईकडे दिली. हात थरथरतात ना.

"अहो, ती पुली एकदा बघून घ्या," मी म्हटलं.

"तुला इंजिनातलं काय कळतं?"

"काही नाही. पण वन्संच्या हातातलं कळतं. काल माझ्यासमोर सुईत दोरा ओवला त्यांनी, पहिल्या झटक्यात."

"सुई एका जागी असते. गाडी पळते."

मग गठ्ठे घेऊन तो स्वतः पळाला. दुपारी परत आला. चहाचा कप उचलला तर बशीवर कप टकटक वाजला.

"काय हो, जाताना वन्संचे हात घालून गेला होतात वाटतं?"

तो चहा न पिताच गॅरेजला गेला. मीही मागोमाग गेले, असा योग पुन्हा कधी येणार!

मिस्त्रीनं पट्टे काढले. पुलीचा मधला बोल्ट बोटांनी फिरत होता, पुलीला क्रँकवर धरून ठेवणारी खोबणीतली लोखंडी चावी चेपली होती. "साहेब, अजून थोडे दिवस चालली असती तर क्रँकच तुटला असता." एवढंच बोलला. बाकाखालून त्यानं जुना डॅम्पर काढला, त्याचं रबर अंगठ्यानं सगळीकडून दाबून पाहिलं. भेग नव्हती. नवी चावी घातली, डॅम्पर बसवला, पुढे पातळ पुली, लांब बोल्ट. पट्ट्यांवर सरळ पट्टी ठेवून रेष तीनदा तपासली. साठला गाडी नेली, तर आरशात प्रत्येक माणूस एकटा आला.

"ताईला सांगू, पट्टा खराब निघाला," परतताना इंजिनिअर म्हणाला.

"आणि त्यांचे हात?"

"होतील की बरे."

"आजारी कधी होते?"

त्यानं गाडी लॉन्ड्रीकडे वळवली.

वन्सं चादरींच्या घड्या घालत होत्या. तो दारातच थांबला. "ताई, पुली चुकली होती."

"कोणाची?"

"लेथवाल्याची." मी त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे त्यानं बरोबरच केली. मी चुकीची सांगितली. मिस्त्री नको म्हणत होता. थरथर गाडीचीच होती."

"आणि माझे हात?"

"तुझे हात..." त्यानं खिशातली किल्ली चाचपली. "चांगले आहेत गं."

वन्संनी हातातली घडी पूर्ण केली, कोपऱ्याला कोपरा लावून. मग तळहात पुढे केला. किल्ली दे, एवढं म्हणायचीही तसदी घेतली नाही.

गठ्ठे भरले आणि आम्ही तिघं पुढे दाटीवाटीनं बसलो. वन्संनी गाडी रस्त्यावर काढली. पहिल्या वळणाला इंजिनिअरचा पाय खाली दाबला गेला. दुसऱ्या वळणालाही.

"बाळ्या," वन्सं समोर बघत म्हणाल्या, "ब्रेक माझ्या पायाखाली आहे. तुझ्या पायाखाली चटई आहे, ती फाडू नकोस."