उपाशी खाटेवरची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो, पण शाळेतली नव्हे. मी दवाखान्यातली, पत्र्याची. अंगावर इनमीन चार शब्द घेऊन जन्मभर खाटांच्या दांड्यांना लटकत आले.

जन्माने मी तेलाच्या डब्याचं झाकण. रंगाऱ्याने मला घासून पांढरा रंग दिला आणि तोंडावर ठसठशीत लाल अक्षरं काढली: 'खायला-प्यायला काही देऊ नये'. पाठ मात्र कोरीच ठेवली. "पाठीकडे कोण बघतंय?" असं म्हणून त्याने कुंचला धुऊन टाकला.

ज्या मुलाचं ऑपरेशन असेल त्याच्या खाटेला मला टांगायचं. दुधाची गाडी ढकलत येणाऱ्या मावशी मला पाहिलं की न थांबता पुढे जात. भुकेली मुलं माझ्याकडे बघून तोंड वाकडं करत, पण मोठ्या सिस्टर मला रोज ओल्या फडक्याने पुसत आणि म्हणत, "ही आहे म्हणून मी निर्धास्त." तेवढं मला पुरे होतं. पुढे माझे कोपरे गंजले, रंगाचे पोपडे उडाले. एकदा तर कुणीतरी मला पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं. म्हातारपणी माहेरी गेल्यासारखं वाटलं, झालं.

पण त्या दिवशी जे घडलं, ते आठवलं की अजून माझा पत्रा थंडगार पडतो.

खिडकीजवळच्या खाटेवर एक मुलगी होती. सारखी चिवचिव करायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. दुपारी तिच्या पोटाचं ऑपरेशन होतं आणि भुकेने ती मलूल झाली होती. तेवढ्यात तिचे दोन मित्र आले, लंबू आणि गोट्या. दोघेही नंबर एकचे खोडकर. लंबूने नाडी तपासायचं सोंग केलं आणि तिला उद्यापासून शाळेला कायमची सुट्टी जाहीर केली. चिमणी हसली. शेजारच्या खाटांवरची मुलंही हसली. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. त्या खोलीत हसू फार दिवसांनी आलं होतं.

मग गोट्याची नजर माझ्यावर पडली. त्याने मला उतरवलं, वाचलं आणि म्हणाला, "ही तर फारच खडूस आहे." खिशातून पेन्सिल काढून त्याने माझ्या कोऱ्या पाठीवर सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'हिला खूप खाऊ द्या'. आणि मला तसंच, तोंड आत करून टांगलं.

मित्रांनो, माझं तोंड खाटेच्या दांड्याला टेकलं होतं. मला काहीच सांगता येईना.

पोरं गेली. मावशी आल्या. चिमणीच्या पायाशी लाल अक्षरं दिसली नाहीत, म्हणून त्यांनी पेला भरून दूध दिलं. चिमणीला वाटलं, मावशींनी दिलं म्हणजे आता चालत असेल. ती घटाघट प्यायली, पेला परत दिला आणि ओठ पुसून पडून राहिली. थोड्याच वेळात माणसं आली आणि तिला ढकलगाडीवर घालून घेऊन गेली. मी रिकाम्या खाटेला लटकत राहिले.

जिन्यावर काय झालं, ते मला मागाहून कळलं. तिथे चिमणीचे बाबा बसले होते. गोट्याने त्यांना ऐटीत सांगितलं की काळजी करू नका, चिमणीच्या खाऊची सोय केली आहे. त्यांना ती थट्टाच वाटली. ते हळूच म्हणाले, "आज तिला घोटभर पाणीही चालत नाही रे. पोटात काही असताना भूल दिली, तर ते वर येऊन श्वासात जातं. मग माणूस हाती लागेलच असं नाही."

लंबूचा चेहरा पांढराफटक पडला. तो उलट्या पावली धावत आला, रिकामी खाट पाहून जागीच थिजला. मग मला हिसकावून त्याने छातीशी धरलं आणि पळत सुटला. त्याचं काळीज माझ्या पत्र्यावर धाडधाड आपटत होतं. त्याच्या पायांत तेव्हा देवानेच बळ घातलं असेल.

ऑपरेशनच्या दाराशी भूल देणारे डॉक्टर हातमोजे चढवत होते. लंबूने मला त्यांच्यापुढे धरलं. त्याला धाप लागली होती. "काका, पाटी आम्ही उलटी केली."

डॉक्टरांनी आत जाऊन चिमणीला विचारलं, "बाळ, काही खाल्लंस?"

"खाल्लं नाही. दूध प्यायले. सगळं."

डॉक्टरांनी एक-एक करून हातमोजे उतरवले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मागून पोचलेल्या बाबांनी लंबूला जवळ ओढलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं आणि सुखरूप झालं. सिस्टरांनी पोरांवर हात उगारला नाही. माझी पाठ वाचून गोट्याला इतकंच म्हणाल्या, "अक्षर सुरेख आहे हो तुझं." ते ऐकून तो जो रडला, तो चिमणी घरी जाईपर्यंत मान वर करून बोलला नाही.

त्यानंतर सिस्टरांनी रंगाऱ्याला बोलावून माझ्या पाठीवरही तीच लाल अक्षरं काढून घेतली. आता मला पाठच नाही, दोन्हीकडे तोंड आहे. तरी ऊन तिरपं पडलं की रंगाखालची पेन्सिलीची रेघ दिसते. मैत्रिणीला खाऊ मिळावा, एवढंच तर मागितलं होतं त्याने.

म्हणून सांगते, आजारी मित्राला भेटायला जरूर जा, त्याला पोट धरून हसवा. पण त्याच्या खाटेजवळच्या कशालाही हात लावण्याआधी सिस्टरांना विचारा. मला दोन तोंडं मिळाली. पण माझ्या शेजारच्या सलाईनच्या नळीला आणि औषधाच्या बाटलीला सांगायला एकही नाही.