बसमधल्या बायकांचं पुस्तक

आम्रपाली सकपाळ कोकणातल्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायची. कंपनीच्या बसमध्ये सोबतच्या बायकांच्या गप्पा ऐकायच्या आणि घरी जाऊन ब्लॉगवर लिहायच्या, असं चार वर्षं चाललं होतं. बायकांना त्याचा पत्ताच नव्हता.

एके सकाळी रत्नागिरीच्या एका प्रकाशकांचा फोन आला. त्यांना ब्लॉगचं पुस्तक काढायचं होतं, फक्त त्या बायकांची परवानगी हवी होती. आम्रपालीला आनंदाने काही सुचेना. बसमध्ये चढताच तिने सगळं सांगून टाकलं.

सगळ्याजणी माना वळवून तिच्याकडे बघू लागल्या. मग कँटीनमधल्या सुंदराबाई म्हणाल्या, "माझ्यावर काय लिवलंस ते वाच बघू."

आम्रपालीने मोबाइलवरून वाचलं. थांब्यापर्यंत येता यावं म्हणून सुंदराबाई पन्नाशीत स्कूटर शिकल्या, पहिल्याच दिवशी शेणात पडल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाल्या, ती हकिगत होती. सगळी बस हसत सुटली.

"नाव बदलते हां, मावशी," आम्रपाली घाईघाईने म्हणाली.

"कशाला? सुंदराबाई राघो तांबे, असं पुरतं छाप."

कारखान्याच्या फाटकात बस थांबली, तरी कोणी उतरेना. प्रत्येकीला आपल्यावरचं ऐकायचं होतं.