माझ्यावर डकवलेली नोटीस

मित्रांनो, फाटकाला त्याचे वय कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. शंभरी केव्हाच ओलांडलेले मी एक लोखंडी फाटक आहे. एका लोहाराने सळ्या तापवून, वाकवून माझ्या अंगावर वेलीची नक्षी घडवली. गवंड्याने मला दोन दगडी खांबांच्या मध्ये उभे केले. तेव्हापासून या घरची माणसे माझ्यातूनच ये-जा करतात.

माझे कौतुकही पुष्कळ झाले. समोर चित्रकलेचे सर राहतात. ते दर वर्षी शाळेतल्या मुलांना रस्त्याच्या कडेला बसवून माझे चित्र काढायला लावत. "पानं मोजा, अंदाजाने काढू नका," असे बजावत. पुढे सर निवृत्त झाले आणि मुले येईनाशी झाली. माझ्या रंगाचे पोपडे सुटले, बिजागऱ्या कुरकुरू लागल्या.

या घरात दोघेच राहतात. शिवणकाम करणारी ताई आणि तिचा धाकटा भाऊ. भाऊ बस चालवायचा. कामावर निघताना माझ्यावर हात टेकून सरांशी दोन शब्द बोलल्याशिवाय त्याचा पाय निघत नसे.

एका अपघातात त्याचे पाय निकामी झाले. घर उंच जोत्यावर, अकरा पायऱ्यांचे. त्याला व्हीलचेअरसकट खाली आणायला दोन माणसे लागत. रोज कोणाकोणाला हाक मारणार? तो सात महिने वरच बसून राहिला. शेवटी ताईने पुढच्या अंगणात, जमिनीलगत दोन खोल्या बांधायचे ठरवले. मग एका सकाळी माझ्यावर नोटीस डकवली गेली. जुन्या घराच्या आवारात नवे बांधकाम होणार, कोणाची हरकत असल्यास कळवावे.

गल्ली पेटून उठली. लोकांची भीती खोटी नव्हती. पलीकडच्या रस्त्यावर असेच दोन खोल्यांचे निमित्त करून पाच मजले चढले होते आणि शेजारच्या घरांचे ऊन गेले होते. सह्या गोळा करण्यात सर पुढे होते. एक्केचाळीस सह्या झाल्या. "हे घर, हे फाटक म्हणजे आपल्या गल्लीची शान आहे," ते सांगत फिरले. खरे सांगते, मित्रांनो, मी सुखावले. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझी बाजू घेत होते.

ताईने सरांशी बोलणे टाकले.

पाहणीला नगररचना खात्याच्या मॅडम आल्या. सगळी गल्ली जमली. मॅडमनी विचारले, "ज्यांच्यासाठी खोल्या हव्यात, ते कुठे आहेत?"

"वर," ताई म्हणाली. "खाली आणायला माणसं नाहीत."

कोणी जागचे हलेना. मग औषधांचा दुकानदार पुढे झाला आणि त्याच्यामागून सर. सत्तरी उलटलेले सर पायरीपायरीला थांबत होते. मध्येच भाऊ हळूच म्हणाला, "सर, दमला असाल तर टेकवा. मला कुठे घाई आहे?"

सरांनी खुर्ची खाली आणूनच टेकवली. भाऊला रस्त्यापर्यंत नेऊ म्हणून त्यांनी खुर्ची ढकलली, तर ती माझ्यातच अडकली. चार बोटे कमी पडत होती. भाऊ तिथूनच रस्त्याकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"समोर राहून मी एकदाही वर चढलो नाही रे," सर त्याला म्हणाले. मग ताईकडे वळले. "मी हरकत मागे घेतो. पण खोल्या मागच्या बाजूला बांध. उतरतं छप्पर ठेव, म्हणजे घर झाकलं जाणार नाही. नकाशा मी काढून देतो."

"आणि फाटक?" ताईने विचारले.

सरांनी माझ्या वेलीवरून हात फिरवला. "रुंद करावं लागेल," ते म्हणाले.

मॅडमनी परवानगी दिली, पण वर मजला कधीही चढवायचा नाही या अटीवर. तरीही चौघांनी सह्या मागे घेतल्या नाहीत. त्यातले एक आजोबा अजून या घरावरून मान फिरवून जातात.

एक दगडी खांब बाजूला सरकवून बांधला. मला उतरवले, उभे कापले. तेव्हा मी फार घाबरले होते. वेल्डरने मध्ये साधी पट्टी जोडली, बिनपानांची. थोडे विचित्र दिसते मी. पण भाऊ आता एकटा बाहेर पडतो आणि कोणाला न विचारता वाटेल तितका वेळ फिरून येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. वर्षातून एकदा आमचा गंज खरवडा, बिजागऱ्यांना तेल द्या. कोणी उगाच पाडायला निघाले, तर जरूर आडवे या. फक्त सही करण्याआधी आत जाऊन या, आणि तिथे कोण राहते, त्याची विचारपूस करा.