वर झुंबर, खाली गंज

मी एक जुने प्रवासी जहाज आहे, आणि सध्या मी रागावलेले आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात. उसासे मलाही येतात, पण ते नंतर. आधी मला भांडायचे आहे.

माझा जन्म पाण्यात झाला नाही, कोरड्यावर झाला. एका लांबलचक उतारावर आधी माझा कणा ठेवला, मग त्याला बरगड्या जोडल्या आणि वर पोलादाचे पत्रे चढवले. वेल्डरच्या ठिणग्या अंगावर घेत मी मोठे झाले. ज्या दिवशी मला पाण्यात सोडले त्या दिवशी बँड वाजला, लोकांनी टोप्या उडवल्या, आणि मी पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना नखशिखान्त भिजवले. माझा खोडकरपणा काय तो तेवढाच. त्यानंतर मी आयुष्यभर शहाण्यासारखे वागले आहे.

मग कामाची वर्षे सुरू झाली. नवी जोडपी, निवृत्त मास्तर, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या आज्या, दिवसभर हौदात डुंबून बोटे सुरकुतलेली पोरे, सगळ्यांना मी मिरवले. वादळात माझे सांधे कुरकुरत, पण त्यांच्या वाटीतले सूप सांडू नये म्हणून मी अंग सावरून घेत असे. उतरताना लोक माझा कठडा थोपटून जात. "काय झोकदार जहाज आहे!" म्हणत. माझ्या दिवाणखान्यातल्या जिन्यावर उभे राहून सगळे फोटो काढत. माझ्या तळाचा फोटो कोणी काढला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तळ पाण्याखाली असतो. तक्रार वेगळी आहे.

खारे पाणी पोलादाला स्वस्थ बसू देत नाही. तळाला शिंपले चिकटतात, शेवाळ धरते, रंग उडतो, आणि रंग उडाला की गंज हातपाय पसरतो. म्हणून दर काही वर्षांनी मला सुक्या गोदीत जावे लागते. सुकी गोदी म्हणजे जहाजांचा दवाखाना. एक प्रचंड हौद असतो. तो भरलेला असताना मी आत शिरते, मागे दार लागते, पंप सगळे पाणी उपसून टाकतात आणि मी हळूहळू खाली टेकते. पण जमिनीवर नाही, तर जमिनीवर ओळीने मांडलेल्या ठोकळ्यांवर. खाली काँक्रीट आणि वर जाड लाकूड, असे ते ठोकळे. माझे एवढे धूड त्यांच्यावर तोललेले असते आणि माणसे माझ्या पोटाखाली बिनधास्त काम करतात. डोक्यावर जहाज असताना शांतपणे डबा खाणारी माणसे मी तिथेच पाहिली.

आता नीट ऐका, कारण सगळे घोडे इथेच पेंड खाते. जिथे मी ठोकळ्यावर टेकलेले असते तिथे ब्रश पोहोचत नाही. तेवढे चौकोन रंगावाचून राहतात. गोदीतले लोक त्या चौकोनांना 'पुढचे' म्हणतात. पुढच्या वेळी रंगवायचे, म्हणून 'पुढचे'. पुढच्या वेळी ठोकळे थोडे सरकवून मांडायचे, म्हणजे झाकलेली जागा उघडी पडते. कूस बदलून झोपण्याइतकी साधी गोष्ट आहे.

पण माझी कूस कोणी बदललीच नाही. माझ्या दुरुस्तीवर देखरेख करायला मालकांनी एक साहेब नेमलेले आहेत. त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'घाई', म्हणून गोदीत त्यांना घाईसाहेब म्हणतात. "घाई आहे. ठोकळे मागच्या वेळी होते तसेच राहू द्या. 'पुढचे' पुढच्या वेळी बघू." दर खेपेला हेच. त्यामुळे दर खेपेला मी त्याच जागी टेकले आणि तेच चौकोन कोरडे राहिले. बाकीच्या तळाला नवा लाल रंग मिळे, आणि त्या चौकोनांना मिळे वायदा. वायद्याने गंज थांबत नाही.

यंदा तर कहरच झाला. यंदा नुसती दुरुस्ती नव्हती, माझे रूप पालटायचे होते. जुने गालिचे उपटले, भिंतींना आरसे लावले, पोहायच्या हौदाभोवती नव्या खुर्च्या आल्या. आणि झुंबर आले. एवढे मोठे की त्याच्यासाठी छताला जादा तुळया बसवाव्या लागल्या. नाकापेक्षा मोती जड! क्रेनने ते वर चढवताना घाईसाहेब खालून ओरडत होते, "हळू! अरे, बाळासारखं धरा!" मी ठोकळ्यांवर बसून ऐकत होते. मला इतक्या वर्षांत असे कोणी धरले नव्हते.

माझ्या सगळ्यात खालच्या मजल्यावर लॉन्ड्री आहे. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात, कप्तानसुद्धा. ताई यंत्रांशी बोलते, चादरींना रागावते आणि कोणी शर्टाच्या खिशात पेन विसरला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. ती लॉन्ड्रीशेजारच्याच खोलीत झोपते. तिचा धाकटा भाऊ गोदीत रंगारी आहे. म्हणजे बहीण माझ्या पोटात, भाऊ पोटाखाली, आणि मधे फक्त माझा पत्रा.

त्या भावाने लॉन्ड्रीखालच्या ठोकळ्याजवळ रंग द्यायला घेतला तेव्हा कडेचे पापुद्रे सुटून त्याच्या तोंडावर पडले. त्याने हातोडीने ठोकून पाहिले. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, माझा भद्द बोलला. त्याने गोदीमास्तरांना बोलावले आणि गोदीमास्तरांनी घाईसाहेबांना.

साहेब वाकले. त्यांनी बोट फिरवले, बोटावरचा गंज पाहिला आणि रुमालाला पुसला. "दिसतंय मला," ते म्हणाले. "मी काही आंधळा नाही."

"हा ठोकळा काढून बघू या," गोदीमास्तर म्हणाले. "शेजारी दुसरा घालू, मग हा काढू. थोडा वेळ जाईल, पण काम होईल. बाकीचेही असेच एकेक करून घेऊ."

"वेळच नाही हो! तिकडे प्रवासी बॅगा भरून बसलेत. झुंबराचे अर्धे दिवे लागत नाहीयेत. 'पुढचे' पुढच्या वेळी."

"साहेब," रंगारी म्हणाला, "ह्याच्या बरोब्बर वर माझी बहीण झोपते."

घाईसाहेब हसले. "मग बरंच झालं की. पाणी आलं तर ती सांगेलच आपल्याला."

आणि ते झुंबराकडे गेले. मित्रांनो, माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्या तळाची आग पार धुराड्यापर्यंत गेली. त्यांना ठाऊक नसते तर मी क्षमा केली असती. त्यांनी बोट लावून पाहिले होते!

त्या संध्याकाळी रंगारी बहिणीकडे आला. ताई नव्या पडद्यांना इस्त्री करत होती.

"ताई, ह्या खेपेला तू उतर. घरी चल."

"घरी येऊन काय करू? तुझ्या बायकोच्या डोक्यावर मिऱ्या वाटू?"

"खाली पत्रा सडलाय गं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला चाललंय ह्यांचं."

"मग तू रंग दे ना नीट. रंगारी आहेस की कोण आहेस?"

"ठोकळा आहे तिथं रंग देताच येत नाही. तेच तर सांगतोय."

ताईने इस्त्री उभी करून ठेवली. "हे बघ," ती म्हणाली, "मी उतरले तर माझ्या जागी दुसरी कोणी येईल. ती कुठं झोपेल? इथंच ना? मग मी उतरून उपयोग काय?"

अखेर गोदीत पाणी सोडायचा दिवस आला. त्या दिवशी दारातल्या झडपा उघडतात, पाणी माझ्या अंगाभोवती चढू लागते, आणि मी तरंगायच्या आधी खलाशी बॅटरी घेऊन आतली प्रत्येक खोली पाहतात. कुठे ओल दिसली तर ओरडायचे, एवढेच काम. माझ्या तळाला दोन पत्रे आहेत आणि त्यांच्यामध्ये पोकळी. त्या सडक्या चौकोनातून पाणी पोकळीत शिरले. पोकळी भरली, आणि लॉन्ड्रीच्या फरशीत जे लोखंडी झाकण आहे त्याच्या कडेने पाणी वर झिरपू लागले. खलाशी आला. त्याने बॅटरी मारली. फरशी ओली होती. पण लॉन्ड्रीची फरशी कधी कोरडी असते?

"इथं काय, रोजचंच आहे," तो म्हणाला आणि सगळे ठीक असल्याचे वर कळवून निघून गेला. मी जिवाच्या आकांताने ओरडणार होते. पण माझा भोंगा वाजवणे माझ्या हातात नाही. एवढा मोठा गळा दिला आहे मला, आणि बटण दुसऱ्याच्या बोटाखाली!

ताई फरशी पुसत होती. पुसावी तितकी ओल वाढत होती. वैतागून तिने साबणाची पूड टाकली आणि ब्रश घेऊन घासायला बसली. एवढ्यात भाऊ निरोप घ्यायला आला.

"बघ हे," ताई कडाडली. "ओंजळभर साबण टाकला, फेसाचं नाव नाही! मेल्यांनी झुंबरापायी साबणात पण भेसळ केली. येऊ दे तो भांडारवाला, त्याचेच कपडे ह्याच साबणाने धुते."

भाऊ हसला नाही. तो खाली बसला, त्याने ओलीत बोट बुडवले आणि जिभेला लावले.

"ताई, साबण चांगला आहे. पाणी खारट आहे, म्हणून फेस येत नाही."

लॉन्ड्रीत गोड्या पाण्याचेच नळ आहेत. खारे पाणी फक्त बाहेर असते. दोघे जिन्याकडे पळाले. ताईचा आवाज तुम्ही ऐकला नाहीत; माझ्या भोंग्याची मला लाज वाटली. "पाणी! खालून पाणी येतंय! बंद करा!" गोदीमास्तरांनी झडपा बंद करायला लावल्या, पंप पुन्हा सुरू झाले आणि मी त्याच ठोकळ्यांवर मुकाट्याने बसून राहिले. आणखी थोडा वेळ गेला असता तर दार उघडले असते, मी बाहेर पडले असते आणि पुढची ओल समुद्रात कळली असती.

घाईसाहेब धापा टाकत खाली आले. कपाळावर घाम होता. "आधी का नाही सांगितलं कोणी?" ते ओरडले.

रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला. "सांगितलं होतं साहेब. तुम्ही पुढच्या वेळी ऐकणार होतात."

मग वेळ मिळाला. नव्हता म्हणत होते, तो अचानक मिळाला! शेजारी नवा ठोकळा बसवला, जुना काढला. त्याखालचा पत्रा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा हातात आला. तो कापून नवा जोडला, आणि रंगाऱ्याने त्या चौकोनाला एकावर एक हात मारले, कोणी थांबवीपर्यंत.

"आता बाकीचे 'पुढचे'?" गोदीमास्तरांनी विचारले.

घाईसाहेबांनी घड्याळाकडे पाहिले. ते काय म्हणाले हे तुम्हाला सांगायला नको.

प्रवासी आले. झुंबराखाली उभे राहून माना वर करकरून पाहू लागले. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच, पण वासा कोणाला दिसतो? मित्रांनो, तुमच्या घरीही असे 'पुढचे' असतील. गळका नळ असेल, कुरकुरणारा पंखा असेल, रोज गुडघा धरून जिना चढणारी आजी असेल. त्यांना पुढच्या वेळचा वायदा देऊ नका. बोट लावून पाहिले असेल, तर त्याच दिवशी हात लावा. मला तेवढे कोणी दिले नाही, म्हणून मागते आहे.

आता रोज सकाळी कामाला लागण्याआधी ताई त्या लोखंडी झाकणाजवळ जाते. कडेच्या ओलीवर चिमूटभर साबण टाकते आणि पायाने घासते. फेस आला की म्हणते, "चला, आजचा दिवस आपला." मग यंत्रे सुरू करते. घाईसाहेब हसत म्हणाले होते, पाणी आले तर ती सांगेलच. वर झुंबराखाली लोक नाश्ता करत असतात, आणि खाली ताई फेसाची वाट बघत असते.