बरणीतला डोह

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, माझा जन्म लोणच्यासाठी झाला. भोरच्या भामाबाईंनी मला बाजारातून घरी आणले, तेव्हा मी भलतीच तोऱ्यात होते. पुढे झाकण फुटले आणि मी फळीवर धूळ खात पडले.

मग एके साली धरणाचे पाणी चढू लागले. भामाबाईंच्या सुनेचे, चंद्राबाईचे माहेर त्यात बुडणार होते. माहेरची माणसे गाव सोडून निघाली. त्यांना शेवटचे भेटून येताना तिने गावओढ्याच्या डोहातले एक नाजूक झाड आणले, पाण्याखालीच वाढणारे. माझ्यात ओढ्याची वाळू घालून तिने ते रोवले आणि मला खिडकीत ठेवले. पोटात चिखल आल्याचा मला रागच आला.

पण घरची रीत अशी, की शिळे पाणी ठेवायचे नाही. रोज सकाळी हंडे-कळश्यांबरोबर भामाबाई मलाही रिकामी करत. झाड बाजूला काढत, मला राखेने घासत, विहिरीचे ताजे पाणी भरत आणि झाड पुन्हा खोचत. ते रुजणार कसे? पाने काचेसारखी झाली, कुजली, गळाली. माहेरच्या गावातले तेवढेच चंद्राबाईकडे उरले होते.

एके सकाळी भामाबाई उरलेला बुडखा उकिरड्यावर टाकायला निघाल्या. कधी उलटून न बोलणारी चंद्राबाई वाटेत उभी राहिली.

"आत्याबाई, डोहातलं पाणी रोज कोण बदलतं व्हय? एका जागी ऱ्हाऊ द्या त्येला. पानं गेली, पर मूळ हाय अजून."

भामाबाईंनी बुडखा परत माझ्यात खोचला आणि नंतर मला हात लावला नाही. चंद्राबाईने मला कडक उन्हातून हलवले. आटेल तेवढेच पाणी, तेही आदल्या दिवशीचे शिळे, ती हळूच ओतायची. बरेच दिवस काहीच घडले नाही. मीही आशा सोडली होती. मग बुडख्याशी एक पान फुटले, जुन्या पानांहून पातळ, माझ्याच पाण्यात जन्मलेले. ते आधी दिसले भामाबाईंना.

"चंद्रे, हिकडं ये. फुटलं बघ तुझ्या माहेरचं."

म्हणून सांगते मित्रांनो, नव्या पाण्यात आलेल्याची पाने गळाली, तर त्याला लगेच उपटू नका. थोडे दिवस एका जागी राहू द्या.

आता चंद्राबाईचे केस पिकले आहेत. यंदा उन्हाळ्यात धरण आटले, बुडालेले गाव उघडे पडले, म्हणून ती मोठ्या आशेने बघायला गेली होती. संध्याकाळी परतली.

"वढा न्हाई, डोह न्हाई. निसता भेगाळलेला गाळ," ती थकलेल्या सासूला म्हणाली.

मग माझ्यापाशी बसून तिने हात पाण्यात घातला आणि पानांवरून फिरवत राहिली. तिचा हात मनगटाच्या पुढे बुडत नव्हता. मी आणखी मोठी असायला हवी होते, असे मला फार वाटले.